पितळी फोटोएच तापवून नरम करणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१:३५ मापाच्या टायगर रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलचं पुढचं मडगार्ड मी पितळी पत्र्यातून वळवून सुपरग्लूने बसवलं होतं. बसलं तेव्हा सुबक दिसत होतं. तीन आठवड्यांनी रात्री टेबलावरून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. जाऊन बघतो तर मडगार्डचं टोक प्लास्टिकवरून सुटून वर आलेलं. पुन्हा चिकटवलं, दहा-बारा दिवसांत पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मी गोंदाला दोष देणं थांबवलं आणि पितळाकडे नीट पाहिलं. मी दिलेली गोलाई बरीचशी उलगडली होती. म्हणजे चिकटवल्या दिवसापासून ते पितळ सरळ व्हायला धडपडत होतं आणि गोंद एकटा त्याला धरून होता.

तेव्हापासून मी फोटोएचचे, म्हणजे पातळ पितळी पत्रा रसायनाने कोरून बनवलेले, ठरावीक भाग आधी तापवून नरम करतो आणि मगच वळवतो. आठ महिने झाले. या काळात दोन रणगाडे, १:४८ चं एक विमान आणि १:३५० ची एक युद्धनौका हातावेगळी झाली. मिळालेला फायदा मी सुरुवातीला धरून चाललो होतो त्यापेक्षा वेगळा निघाला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी पितळ इतकं ताठ का असतं ते सांगतो. फोटोएचचा पत्रा साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो थंड अवस्थेत रुळांमधून दाबून काढलेला असतो. दाबताना धातूतले स्फटिक ताणले जातात, आत गुंता वाढत जातो आणि पत्रा कडक होतो. पुढे त्यावर प्रकाशाला संवेदनशील थर देऊन, नक्षी उमटवून, फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने नको तेवढं पितळ खाऊन काढतात. या सगळ्यात कुठेही उष्णता नाही. त्यामुळे रुळातून आलेला कडकपणा जसाच्या तसा आपल्या हातात येतो. पितळ पुरेसं तापवलं की ताणलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, मोकळे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा नरम होतो. भांडं ठोकताना तांबट ते मधूनमधून तापवतो, तो याचसाठी. कारखान्यात पितळ नरम करण्यासाठी साधारण ४२५ ते ६५० अंश सेल्सिअस तापमान वापरतात. आपला भाग एवढा पातळ असतो की तिथवर पोचायला त्याला काही क्षण पुरतात. सोय त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

सुरुवात मेणबत्तीने केली. काम होतं, पण काजळी इतकी धरते की भागाचा रंग दिसत नाही, आणि या कामात सगळा भरवसा रंगावरच असतो. मग लहान ब्यूटेन टॉर्च घेतला. मोठ्या भागांना तो छान वाटला. पण विमानाच्या कॉकपिटमधलं एक हँडल, केसापेक्षा थोडंसंच जाड, मी त्या ज्वाळेसमोर धरलं आणि पापणी लवायच्या आत त्याच्या टोकाला पितळेचा बारीक थेंब तयार झाला. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि टॉर्चची ज्वाळा त्याच्या कितीतरी वर असते. तो भाग गेला तो गेलाच. फ्रेटमध्ये, म्हणजे सगळे भाग ज्या पितळी चौकटीला जोडून येतात तिच्यात, त्याची जोडी नव्हती.

आता जी पद्धत कायम झाली आहे ती अशी. स्पिरिटचा दिवा, त्यावर तिवईवर ठेवलेला पातळ लोखंडी पत्र्याचा तुकडा, आणि पितळी भाग त्या पत्र्यावर सपाट. ज्वाळा भागाला थेट लागत नाही. खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त बाजूचा मंद दिवा ठेवतो. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग पिवळ्या पितळावर एका कोपऱ्यातून सोनेरी-तपकिरी छटा सरकायला लागते, तिच्यामागून जांभळट, निळसर, आणि ही लाट भागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. ती पुढे गेली की मागे उरतो निस्तेज, मळकट रंग. सगळा भाग असा मळकट झाला की आणखी थोडं थांबतो आणि दिवा बाजूला घेतो. अंधारात पितळ लालसर दिसायला लागलं तर नरम होण्यासाठी पुरेसं तापमान कधीच मागे पडलेलं असतं, हे लक्षात ठेवावं. त्याच्याही पुढे गेलात तर स्फटिक फार मोठे होतात आणि वळवलेल्या बाजूवर संत्र्याच्या सालीसारखी खडबड उमटते. माझ्या एका एग्झॉस्टच्या आवरणावर ती आली होती. रंगाच्या थराखालूनही ती दिसत होती, शेवटी ते आवरण काढूनच टाकलं.

तापवल्यावर पाण्यात बुडवावं का, हा प्रश्न मलाही पडला होता. पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, पितळाचं तसं नाही. हळू थंड करा की झटकन, नरमपणा तोच राहतो. पातळ भाग मात्र पाण्यात पडताना पिळवटतो. मी एक सपाट जाळी अशी वाकडी करून घेतली, त्यानंतर सिरॅमिक टाइलवर ठेवून आपोआप थंड होऊ देतो. गरम पितळ आणि गार पितळ डोळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे टाइलवरच्या भागाला थोडा वेळ बोट लावायचं नाही. कटिंग मॅट तर जवळ आणायचीच नाही.

आता मुख्य फायदा. मला वाटलं होतं की वळवणं सोपं जाईल, एवढंच. ते तर गेलंच. कडक पट्टी ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटाभोवती दाबून सोडली की ती उसळून जवळजवळ सपाट होते, मग ३ मिलिमीटरच्या बिटावर अंदाजाने जास्त वळवून ५ ची गोलाई मिळवावी लागते. नरम पट्टी ५ वर वळवली की ५ वरच राहते. पण खरी कमाई काही आठवड्यांनी कळली, ती म्हणजे सांधे. सुपरग्लू सरळ ओढीला चांगला टिकतो, कडेपासून सोलणाऱ्या जोरापुढे मात्र कमजोर पडतो. आणि जबरदस्तीने वाकवून चिकटवलेलं पितळ नेमका तोच जोर देत असतं, रात्रंदिवस. नरम भाग आपल्या जागी नुसता पडून राहतो, कशालाच ओढत नाही. आठ महिन्यांत नरम करून बसवलेला एकही गोल भाग सुटलेला नाही. त्याच टायगरचं मडगार्ड चौथ्यांदा बसवलं ते नरम करून, आणि ते आजही तसंच आहे. वळवताना अर्धा तास वाचला नसता तरी केवळ एवढ्यासाठी मी ही पद्धत धरून ठेवली असती.

एका गोष्टीने मला फार आनंद दिला. खऱ्या रणगाड्यांची मडगार्ड कधीच धड नसायची. झाडाला घासलेली, भिंतीला आपटलेली, एखाद्या कोपऱ्यात दुमडलेली. कडक पितळावर तसा पोचा काढायला गेलं की कोनासारखी चुणी पडते. नरम मडगार्ड रबरी चटईवर ठेवून गोल टोकाच्या हत्याराने हलकेच दाबलं तर पोचा खोलगट, मऊ कडांचा येतो, अगदी खऱ्या पत्र्यासारखा. विमानाच्या सीटबेल्टचंही तेच. नरम केलेला पट्टा टूथपिकने दाबत दाबत सीटच्या कडेवरून खाली सोडला की तो कापडासारखा पडतो.

आता जिथे फसलो ते. युद्धनौकेचं सगळं रेलिंग मी एकदमच नरम केलं. १:३५० मधलं रेलिंग म्हणजे आडव्या धाग्यांसारख्या तारा आणि मधे बारीक खांब. फ्रेटमधून कापतानाच त्या तारा लाटांसारख्या झाल्या. सरळ करायला गेलो की एक सरळ व्हायची आणि शेजारची वाकायची. दोन संध्याकाळी घालवून शेवटी दुसरा संच वापरला आणि फक्त मागच्या गोल टोकाला लागणारा तुकडा तेवढा नरम केला. सरळ आणि ताठ राहायला हवं ते तापवायचं नाही. अँटेना, रेलिंग, शिड्या, रणगाड्याच्या बाजूचे सपाट संरक्षक पत्रे, सगळे या यादीत येतात. पेट्याही. अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेल्या रेषेवर घडी घालायची तर दोन्ही बाजूंच्या भिंती ताठ असल्या पाहिजेत, म्हणजे वाक फक्त रेषेवर येतो. नरम पेटीच्या भिंती पोटासारख्या फुगतात.

याला एक अपवाद माझ्या अनुभवात आला. एखादा भाग पूर्ण १८० अंशांत दुमडून दुप्पट जाडीचा करायचा असतो, तेव्हा कडक पितळ त्या रेषेवर तडकतं. तिथे नरम केलेलं बरं. तसंच घडी चुकली आणि उलट उघडायची वेळ आली तर मी आधी भाग पुन्हा तापवतो. वाकवल्याने पितळ त्या जागी परत कडक झालेलं असतं, तसंच उघडलं तर तुटतं. तापवून उघडलं तर बहुतेक वेळा आणखी एक संधी मिळते.

भाग आधी कापावा की आधी तापवावा? मोठा भाग मी कडक असतानाच कापतो आणि फ्रेटला जोडलेली टोकं कानशीने घासून घेतो, कारण नरम पितळ कानशीखाली वाकतं. अगदी बारीक भाग मात्र फ्रेटच्या छोट्या तुकड्यासकट कापतो. तो तुकडा मुठीसारखा धरायला उपयोगी पडतो. थेट ज्वाळेत धरायची वेळ आली तर चिमट्याने कुठे धरता याचा विचार करा. पोलादी चिमटा उष्णता ओढून घेतो आणि धरलेली जागा कडकच राहते. आता मी त्याचा मुद्दाम उपयोग करतो. ब्रॅकेटचं जे टोक ताठ हवं तिथेच चिमटा लावतो आणि उरलेलं तापवतो.

तापवल्यावर राहिलेला मळकट थर व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत बराचसा निघतो. मग साबणाने धुऊन प्रायमर. एकदा भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये विसरलो, सकाळी ते गुलाबीसर झाले होते: आम्लात जस्त निघून जातं आणि तांबं वर दिसायला लागतं. डाग देऊन जोडायचं असेल तर तापवणं आधी उरकून घ्यावं. नेहमीचं शिसं-कथिलाचं डाग १८३ अंशांनाच वितळतं, नंतर तापवलं तर जोडलेलं सगळं सुटेल. सुपरग्लू लागलेला भाग तापवू नका, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. खिडकी उघडी ठेवाच. पितळातून पांढरा धूर दिसला तर ते जस्त आहे, लगेच ज्वाळा काढा. आणि स्पिरिटची ज्वाळा उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून दिवा पूर्ण थंड झाल्याशिवाय त्यात स्पिरिट ओतायचं नाही.

रंगीत छापून येणारे भाग तापवायचे नाहीत हे उघड आहे. एडुआर्ड या कंपनीचे रंगवलेले स्टीलचे सीटबेल्ट तर पितळ नाहीतच, आणि ते इतके पातळ असतात की तसेच छान वळतात. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटवर हा दिवा चालत नाही. त्याला नरम व्हायला १००० अंशांच्या वरचं तापमान लागतं.

धातूत अडकलेला ताण काय करू शकतो याचं एक जुनं उदाहरण मला नेहमी आठवतं. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. १९२१ मध्ये त्याचं कारण पुढे आलं: काडतूस ओढून बनवताना पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया, दोन्ही एकत्र आले की धातू फुटतो. तापवून ताण घालवणं हाच त्यावर उपाय. आजही बऱ्याच लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो तापवल्याचाच डाग. माझ्या लोखंडी पत्र्यावर सरकणारी लाट त्याच रंगांची असते.

सध्या टेबलावर एका हाफट्रॅकचा (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या लष्करी गाडीचा) संच आहे. फ्रेट उघडायच्या आधी सूचनापत्रकावर लाल पेन्सिलने गोल करून घेतले: दोन्ही मडगार्ड, जेरीकॅनचे पट्टे, एग्झॉस्टचं आवरण. एवढेच भाग तापवायचे. प्रत्येक नवीन फ्रेटच्या कडेची एक पट्टी कापून आधी तीच तापवतो आणि न तापवलेल्या पट्टीशेजारी ड्रिल बिटावर वळवून बघतो, कारण वेगवेगळ्या संचांतलं पितळ जाडीला आणि कडकपणाला सारखं नसतं. या वेळची पट्टी ०.२ मिलिमीटरची निघाली. पहिल्यांदा मी घाई केली, ती अर्धवट उसळली. दुसऱ्यांदा मळकट रंग आल्यावर मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि ती बिटाला लपेटून तशीच राहिली. त्या पानाच्या कोपऱ्यात ‘वीस’ लिहून ठेवलंय, उद्या मडगार्ड घेणार.