पुणे मेट्रोची अ‍ॅल्युमिनियमची गाडी : मला सगळ्यात आवडला तो ब्रेक

पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड) ते स्वारगेट हल्ली वरचेवर जाणं होतं, म्हणून म्हटलं गाडीबद्दल लिहूनच टाकावं, कारण स्टेशनं आणि सरकते जिने यांच्यावर सगळे बोलतात पण डब्याकडे कुणी बघतच नाही.

टिटागढ या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने बनवलेली ही तीन डब्यांची गाडी, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, अशी मेट्रो आपल्या देशात बनवणं हे पहिल्यांदाच झालं. पहिल्या काही गाड्या इटलीतून आल्या, बाकीच्या बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनल्या. आता अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की आपल्याला पातेलं आठवतं, एक पोचा आला की संपलं. खरंय, स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजन पण ताठपणाही तेवढाच कमी, मग डबा वाकू नये म्हणून पत्रा सपाट ठेवत नाहीत, दुहेरी भिंतीचे पोकळ लांबच लांब पट्टे काढून ते एकमेकांना वेल्ड करतात. पुठ्ठ्याच्या खोक्याची कड फाडून बघा, आत नागमोडी कागद असतो ना, तसंच काहीसं. वजन वाचलं की दर स्टेशनला उठायला-थांबायला वीज कमी, आणि मेट्रो तर दिवसभर तेवढंच करते.

पण खरी गंमत ब्रेकची. निघताना खालून जो ऊंऽऽ करत चढत जाणारा सूर येतो तो इन्व्हर्टरचा, वरच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज आधी ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टची करतो, मग इन्व्हर्टर ती मोटरला लागेल त्या फ्रिक्वेन्सीने देत असतो. स्टेशन जवळ आलं की तोच सूर उलटा उतरतो बघा. तेव्हा मोटरच जनरेटर झालेली असते, चाकं तिला फिरवतात, त्या ओढीने गाडी मंदावते आणि तयार झालेली वीज परत तारेत जाते, जवळपास दुसरी गाडी निघत असेल तर तिला उपयोगी पडते. अगदी शेवटी, वेग फार कमी झाला की हवेचा ब्रेक धरतो. हा हात बदलताना धक्का बसला तर डिझाईन कच्चं, माझं सरळ गणित आहे.

तर परवा मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली पायाशी उभी ठेवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, सांडेल ती!" म्हटलं, "बघत राहा." रेंज हिल्सजवळ उतार लागला, भुयारात शिरलो, शिवाजीनगर गेलं, सिव्हिल कोर्ट आलं, ते तर ३३ मीटर खोल, बाटली हलेना. मंडईला मोठ्या पिशव्या घेऊन घोळका आत आला तरी डब्याचा दरवाजा फलाटाच्या बरोबरीनेच, कारण वजन वाढलं की खालच्या हवेच्या स्प्रिंगमध्ये आपोआप हवा भरली जाते. काकू आता माझ्यापेक्षा जास्त बाटलीकडे बघत होत्या.

सीट गुळगुळीत आणि भिंतीला लागून लांब, त्यामुळे रिकाम्या डब्यात ब्रेक लागला की माणूस जरासा सरकतो, मांडी घालून पुस्तक वाचायची ही जागा नव्हे. उभ्यांना जागा हवी तर हे आलंच. डब्यांमध्ये दार नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं, मुलांना तर हेच आवडतं.

स्वारगेटला उतरून रिक्षा केली, पहिल्याच सिग्नलला त्याने असा ब्रेक मारला की बाटली सीटखाली.