जिस्पापर्यंतचेच पैसे

मनाली ते लेह सायकलवर जायचं म्हणून आम्ही चौघं आठ महिने घाम गाळत होतो. मी, माझा धाकटा भाऊ, त्याचा ऑफिसातला मित्र आणि आमचे ठाण्याच्या वसंत विहारमधले शेजारी, अठ्ठावन्न वर्षांचे काका. शनिवारी येऊरचा चढ, रविवारी खारघरची टेकडी, नाहीतर घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन परत. काकांनी त्यासाठी चहातली साखरसुद्धा सोडली. ज्याच्या भरवशावर हे सगळं चाललं होतं, त्याने आम्हाला १,५४,००० रुपयांना बुडवलं.

तो पाम बीच रोडवर भेटला. भावाची चेन तुटली होती. हा थांबला, स्वतःच्या पिशवीतून मास्टर लिंक काढून बसवून दिली आणि पैसे विचारले तर हसून निघून गेला. पुढे दर रविवारी आमच्यात यायला लागला. घणसोलीत राहतो म्हणायचा, मला ताई म्हणायचा. दोन महिन्यांनी विषय निघाला: मनालीत आपली कंपनी आहे, सायकली, मदतीची गाडी, मेकॅनिक, तंबू सगळं आपलंच. माणशी ४२,००० रुपये, पण एप्रिलमध्ये सगळे एकदम भरले तर ३८,५००.

भरले. यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाची, म्हणून दोन दिवसांत. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता कुणा बाईंचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "ताई, ते मिसेसचं खातं. कंपनीच्या खात्याला चार्जेस लागतात." मी मान डोलावली. ज्या माणसाने रस्त्यात बसून हात काळे करून आपली चेन जोडली, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा, असं वाटलं. त्याला नेमकं हेच हवं होतं.

पावतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण दहा मिनिटांचं काम होतं आणि ते आम्ही केलं नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, हिमाचल ०२. आमच्या पावतीवर 'मनाली, प्रायव्हेट लिमिटेड' असं छापलेलं आणि क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यातलं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, खातेदार कोण ते सांगतं. कंपनी असेल तर तिथे सी असतो, एकट्या माणसाचं असेल तर पी. आमच्या पावतीवर पी होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक कुणालाही फुकट तपासता येतो. परत आल्यावर तपासला, तर नोंदणी कधीचीच रद्द झालेली. हिमाचलात पर्यटन व्यवसायाला राज्याच्या पर्यटन खात्याची नोंदणी लागते. तीही आम्ही मागितली नाही.

त्याने दिलेल्या कार्यक्रमातही चूक डोळ्यांसमोर होती. 'गाटा लूप्स, तिथून सरचू मुक्काम' असं लिहिलं होतं. मनालीहून जाताना आधी बारालाचा खिंड, मग सरचू आणि त्यानंतर गाटा लूप्सची ती एकवीस वळणं. लेहकडून येणाऱ्यांचा कार्यक्रम कुठून तरी उचलून त्याने आम्हाला चिकटवला होता. शिवाय जिस्पा गावाहून थेट सरचूचा मुक्काम. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास, सरचू ४,२०० च्याही वर. ३,००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. या रस्त्यावर नेहमी असणारा माणूस हे असं लिहिणारच नाही.

जूनमध्ये मनालीला पोचलो. तो स्वतः आला नाही, 'लेहला भेटतो' म्हणाला. सायकली बऱ्या होत्या. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण त्याला रेग्युलेटर नव्हता, मास्क नव्हता. गाडीने अटल बोगदा पार करून सिस्सूहून सायकली चालवायला सुरुवात केली. ऊन लख्ख होतं, आम्ही खुशीत होतो. तांडीला, जिथे चंद्रा आणि भागा मिळतात, तिथे पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, या फलकासाठीच तो ओळखला जातो. तिथे थांबणारी प्रत्येक गाडी टाकी काठोकाठ भरते, वर कॅन भरते. आमच्या ड्रायव्हरने हजार रुपयांचं डिझेल घातलं आणि झाकण लावलं. मी समोर उभी राहून पाहिलं आणि काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिस्पाला ड्रायव्हर खाली मान घालून आला. "दीदी, मेरा पैसा यहीं तक का है. आगे का उसने दिया नहीं, अब फोन भी नहीं उठा रहा." त्याला निम्मे पैसे मिळाले होते, सायकलवाल्याला त्याहून कमी. पुढच्या तंबूंचं बुकिंगच नव्हतं. काकांचं डोकं रात्रीपासून दुखत होतं. पुढच्या दारचा गावानंतर वस्ती विरळ होत जाते, आणि त्याच दिवशी आम्हाला बारालाचा चढायचा होता. ड्रायव्हर गुपचूप पळाला असता, किंवा पुढे नेऊन मधेच अडवून पैसे मागितले असते, तर काकांचं काय झालं असतं, या विचाराने आजही माझी झोप मोडते.

आम्ही परत फिरलो. ड्रायव्हरला आम्ही ६,००० दिले. किती पैसे ठरले, किती मिळाले, हे त्याने वहीच्या पानावर लिहून सही करून दिलं. तोच आमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तो ठाण्याला घरी आल्यावर. तोवर खातं रिकामं झालं होतं. जिस्पातच रेंज शोधून तक्रार करायला हवी होती. पोलीस ठाण्यात आधी 'हा आपसातला व्यवहार आहे' असं ऐकावं लागलं, ते पान पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. ग्राहक आयोगात मात्र तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आमचा दावा ठाणे जिल्ह्याच्या आयोगात चालू आहे.

कृपा करून पूर्ण रक्कम आधी भरू नका. आणि निघण्याआधी ड्रायव्हरशी स्वतः बोला, त्याला कुठपर्यंतचे पैसे मिळालेत ते विचारा.

हे आत्ता लिहायचं कारण असं की त्याने वेगळ्या नावाने पुन्हा गिऱ्हाईकं गोळा करायला सुरुवात केली आहे. या वेळी स्पितीची सायकल सफर आहे. जाहिरातीवरचा फोटो तोच, आमच्या वेळचा: गाटा लूप्सचा. गाटा लूप्स स्पितीत नाहीत.