ग्लेन मिलर घ्यायचा तर १९३९चा मोनो की नंतरचा स्टीरिओ?

बिग बँडचा, म्हणजे सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या मोठ्या अमेरिकी वाद्यवृंदाचा, पहिला संच घेताना अडतं ते इथेच. ग्लेन मिलर हा अशाच एका बँडचा नेता. १९३७ ते १९४२ या काळात ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांवर निघालेली, तेव्हा धडाक्यात खपलेली मूळ मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणारी) रेकॉर्डिंग घ्यावीत, की १९५८नंतर तीच गाणी दुसऱ्या वादकांनी स्टीरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा ठेवून) नव्याने वाजवली ती?

सफाईत नवी रेकॉर्डिंग सरसच आहेत. डबल बेसचा ठोका मोकळा ऐकू येतो, झांजांना चमक असते, मागे खरखर नाही. नाचाच्या कार्यक्रमासाठी किंवा मोठ्या हॉलसाठी हवी असतील तर पुढे वाचायचीही गरज नाही, तीच घ्या.

घरी बसून ऐकायचं असेल, तर मात्र एक गोष्ट खटकत राहते. 'मूनलाइट सेरेनेड' (४ एप्रिल १९३९) घ्या. चाल क्लॅरिनेटवर आहे. तीच चाल एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोन धरतो आणि मधली जागा उरलेले तीन सॅक्सोफोन भरतात. पाच वाद्यांचा मिळून एकच आवाज व्हावा, हीच तर मिलरची ओळख. मूळ तबकडीत हे मिश्रण खोलीतल्या हवेतच झालेलं आहे आणि माइकने ते तसंच उचललंय. नव्यांपैकी बऱ्याच रेकॉर्डिंगांत माइक वाद्यांच्या अगदी जवळ असावेत असं ऐकताना वाटतं. क्लॅरिनेट वर तरंगतं, त्याचं कंपन वेगळं कळतं आणि खालचा टेनर मागे पडतो. एकदा हे कानाला लागलं की सुटत नाही. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबून डावं-उजवं एक होतं, पण सुटे झालेले सूर पुन्हा जुळत नाहीत. 'इन द मूड'च्या शेवटीही तेच. एकच तुकडा दर वेळी आणखी हळू आवाजात येतो आणि मग सगळा बँड तुटून पडतो. मूळ रेकॉर्डिंगात ती उतरण वादकांच्या फुंकेतली वाटते. नव्यात मला तिथे बहुधा नुसता घुमारा ऐकू येतो.

लोकांनी डोक्यावर घेतलं तेही मूळच. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाची देशभरच्या दुकानांतल्या खपाची यादी २७ जुलै १९४० रोजी सुरू झाली. तिच्यात पहिला क्रमांक टॉमी डॉर्सी या दुसऱ्या बँडनेत्याच्या 'आय'ल नेव्हर स्माइल अगेन'चा होता, गायक फ्रँक सिनात्रा आणि पाइड पायपर्स हा गायकांचा गट. मिलरच्या 'चॅटनूगा चू चू'च्या १२ लाख प्रती खपल्या म्हणून १० फेब्रुवारी १९४२ला त्याला सोनेरी तबकडी मिळाली.

ट्रम्पेटवादक बँडनेता हॅरी जेम्सचं मात्र वेगळं. १९५५ साली त्याने स्वतःच आपली जुनी गाणी कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीसाठी पुन्हा वाजवली, त्याची जुनी गायिका हेलन फॉरेस्टही गायला आली. नेता तोच, गायिका तीच, त्यामुळे तिथे नवं घेतलं तरी फार काही गमावत नाही. मिलर डिसेंबर १९४४मध्ये विमानासह बेपत्ता झाला, त्याच्या बाबतीत ही सोय नाही.

मूळ घेतानाही फसगत होते. १९६०च्या दशकात कंपन्यांनी मोनो रेकॉर्डिंगांना यंत्राने स्टीरिओचं सोंग दिलं: खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या, वर थोडा घुमारा. हेडफोन लावून एकेक कान झाका. एकीकडे गदगद आणि दुसरीकडे चिरका आवाज आला तर ती प्रत नको. खरखर पार पुसून टाकलेल्या प्रतींपासूनही सावध राहा, कारण खरखरीबरोबर झांजा आणि खोलीचा श्वासही जातो. थोडी सळसळ राहिलेली प्रत बरी. मुखपृष्ठावरच्या 'ओरिजिनल हिट्स'वर जाऊ नका, मागे प्रत्येक गाण्याची रेकॉर्डिंगची तारीख छापली आहे का ते पाहा.

चोर बाजारात ७८ची तबकडीच हाती लागली, तर एलपीची (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकडीची) सुई लावू नका. ती बारीक असल्यामुळे खाचेच्या तळाशी जाते आणि सुरांपेक्षा तिथला कचराच जास्त वाजवते. ७८साठी साधारण ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई लागते.