सॅलडसोबत कोणता ब्रेड: न मळलेला की मळलेला?

शिजवलेले काबुली चणे, काकडी, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वरून लिंबू आणि जरा सढळ हाताने तेल. वाडगाभर घेतलं की जेवणच होतं. सोबतीला फक्त घरचा ब्रेड हवा.

न मळता करायची कृती न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरची. २००६ मध्ये ती न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि घरोघरी पोचली. ४०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, यीस्ट जेमतेम पाव चमचा. कालवायचं आणि झाकून १२ ते १८ तास विसरून जायचं. सैल पिठात ग्लुटेनचं (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचं) जाळं आपोआप तयार होतं, सावकाश आंबल्याने चवही मुरते. (आपल्याकडच्या मे महिन्यात एवढं थांबू नका, पीठ आंबटढाण होईल.) खरी मेख भाजण्यात आहे: झाकणाचं जड भांडं ओव्हनमध्ये आधी कडक तापवावं लागतं. आत कोंडलेल्या वाफेमुळे ब्रेड छान फुगतो आणि पुढे झाकण काढून भाजला की कवच कुरकुरीत होतं.

मळलेल्या ब्रेडला पाणी कमी, यीस्ट जास्त आणि दहाएक मिनिटं मनगटाची मेहनत. पण दोन-तीन तासांत ताटात येतो, साधा केकचा डबाही चालतो.

लिंबाच्या आंबट रसाचं सॅलड असेल तर माझं मत पहिल्याला. तळाशी साचलेला रस टिपूनही त्याचा लगदा होत नाही. घट्ट दह्यातलं सॅलड किंवा खाणारी लहान मुलं असतील, तर मऊ मळलेलाच करा.