मेट्रोने जंगलात : ओस्लोच्या नूर्दमार्कातील स्कीच्या वाटांचे परीक्षण

ओस्लो शहराच्या उत्तरेला लागूनच असलेल्या नूर्दमार्का या जंगलात हिवाळ्यात सर्वसामान्य माणसासाठी स्कीवरून, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून, फिरण्याची जी सोय करून ठेवलेली आहे, तिचे हे परीक्षण मी मुद्दाम पुणेकर वाचकांसाठी लिहीत आहे. पहाटे वेताळ टेकडी किंवा तळजाई आणि रविवारी सिंहगड असा ज्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे, अशी पुष्कळ मंडळी मुलाबाळांना किंवा भाचे-पुतण्यांना भेटायला युरोपात जातात आणि हिवाळ्याचे दिवस असले की थंडीच्या धास्तीने घरातच बसून राहतात. अशांनी ओस्लोत एक दिवस तरी या जंगलासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या समजल्या जाणाऱ्या नॉर्वेत याहून अधिक आनंद देणारी आणि याहून कमी खर्चाची दुसरी गोष्ट मला आढळली नाही.

या सोयीची सुरुवात मेट्रोपासूनच होते. शहराच्या मध्यभागातून एक क्रमांकाची गाडी पकडली की ती होलमेनकोलेनच्या प्रसिद्ध स्की-जंपजवळून वळणे घेत वर चढते आणि समुद्रसपाटीपासून ४६९ मीटर उंचीवरच्या फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्थानकावर आपल्याला सोडते. तिकीट शहरातल्या प्रवासाचे नेहमीचेच लागते. डब्यात शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सगळ्यांच्या हातात उभ्या धरलेल्या स्की असतात, आणि त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की बर्फातली वाट समोर येते; मध्ये बस नाही, रिक्षा नाही, वाहनतळ शोधण्याची यातायात नाही. आपल्याकडे मेट्रो सुरू झाल्यापासून टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत अशी सोय व्हावी, ही इच्छा माझ्याप्रमाणेच अनेकांच्या मनात आली असेल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वाटा. ओस्लोभोवतालच्या जंगलातल्या वाटांची हिवाळी निगा मुख्यतः १८८३ साली स्थापन झालेली शीफोरेनिंगेन ही संस्था राखते. बर्फ पडला की संस्थेची यंत्रे वाटेवर फिरतात, बर्फ दाबून घट्ट करतात आणि त्यात दोन्ही पायांच्या स्कींसाठी दोन समांतर चाकोऱ्या पाडत जातात. कोणत्या वाटेवर यंत्र शेवटचे केव्हा फिरले, हे संस्थेच्या अ‍ॅपवर दिसते, आणि सकाळी घरातून निघण्यापूर्वी एवढे पाहिले तरी दिवसाचे निम्मे नियोजन होते. या वाटांवर प्रवेशशुल्क नाही. सभासदत्व घेणे ऐच्छिक आहे आणि संस्थेचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, देणग्यांतून आणि सार्वजनिक निधीतून भागतो. मोकळ्या निसर्गात सर्वांना संचार करता यावा, हा हक्क नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने लेखी स्वरूपात मान्य केलेला आहे, आणि शहराला वेढणाऱ्या या जंगलाची हद्द २००९ मध्ये स्वतंत्र कायदा करून निश्चित करण्यात आली, त्यामुळे तेथे मनाला येईल तसे बांधकाम करता येत नाही. वेताळ टेकडीवरून रस्ता नेऊ नये म्हणून ज्या पुणेकरांनी इतकी वर्षे आवाज उठवला आहे, त्यांना या एका तरतुदीचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

साहित्य भाड्याने मिळते. शहरातल्या एका दुकानातून आम्ही स्की, बूट आणि काठ्या घेतल्या. पण तिथल्या घाईत मला काठ्या माझ्या खांद्यापेक्षा बऱ्याच उंच दिल्या गेल्या आणि दुकान सोडण्यापूर्वी भाच्याच्या ते लक्षात आले म्हणून निभावले. पारंपरिक पद्धतीच्या स्कीइंगसाठी काठी साधारण खांद्यापर्यंत यावी, हे लक्षात ठेवून ती तिथेच उभी करून पाहावी. बूटही पायात घालून चार पावले टाकून पाहावेत.

क्रॉस-कंट्रीची, म्हणजे सपाटीवरून आणि चढ-उतारांवरून लांबवर जाण्याची, स्की उतारावरच्या स्कीपेक्षा पुष्कळ अरुंद आणि हलकी असते. बूट फक्त चवड्याकडे अडकवलेला असतो आणि टाच मोकळी राहते, त्यामुळे चालण्याची क्रिया करता येते. सगळे मर्म मात्र स्कीच्या मधल्या भागात आहे. ती मधोमध किंचित वर उचललेली असते. आपण दोन्ही पायांवर सारखे उभे असतो तेव्हा तो भाग बर्फाला जेमतेम लागतो आणि स्की सरकते, पण एका पायावर सगळा भार टाकून खाली दाबले की तोच भाग बर्फाला धरतो आणि पुढे रेटा देता येतो. ही पकड यावी म्हणून जुने-जाणते लोक त्या दिवसाच्या तापमानानुसार निवडलेले मेण चोळतात. नवख्यांनी त्या भानगडीत न पडता तळाला दाट लवेची पट्टी चिकटवलेली स्की मागावी. शून्य अंशाच्या आसपास ओला, ताजा बर्फ असेल तर या पट्टीवर बर्फाचे गोळे धरतात, तेवढे मधूनमधून खरवडून काढावे लागतात.

भाच्याने आधी मला काठ्यांशिवाय सपाटीवर चालायला लावले. त्याचे एकच सांगणे होते: "मामा, गुडघे सैल ठेवा आणि भार पूर्ण एका पायावर येऊ द्या, अर्धवट नको." हे एकदा अंगवळणी पडले की चाकोरीत पाय आपोआप सरळ राहतो आणि प्रत्येक रेट्यानंतर क्षणभर निव्वळ घरंगळण्याचे जे सुख मिळते, ते चालण्यात किंवा पळण्यात मिळत नाही. सिंहगड चढणाऱ्या माणसाच्या मांड्यांना आणि दमाला इथे अडचण येत नाही. थकतात ते दंड आणि खांदे. चढावर स्कीची टोके बाहेर फाकवून इंग्रजी व्ही अक्षरासारखी पावले टाकत जावे लागते. उतार मात्र नवख्याची खरी परीक्षा पाहतो, कारण या स्कींना धातूची धार नसते आणि मोकळ्या टाचेमुळे वळणे कठीण जाते. टोके आत व टाचा बाहेर करून वेग आवरण्याचा सराव सौम्य उतारावर पुरेसा झाल्याशिवाय लांबच्या वाटेला लागू नये. स्की काढून वाटेच्या कडेने, चाकोरी न मोडता, चालत उतरण्यात काहीही कमीपणा नाही. तिथले लोकही लहान मुलांबरोबर असताना तेच करतात. खालून वर जाणाऱ्याने उतरून येणाऱ्याला वाट द्यायची आणि थांबायचे झाल्यास चाकोरीबाहेर उभे राहायचे, हे दोन शिष्टाचार सर्वजण कटाक्षाने पाळतात.

फ्रोग्नरसेतेरेनपासून सुमारे सहा किलोमीटरवर उल्लेव्होलसेतर नावाचे जुने शेतघर आहे आणि तिथे उपाहारगृह चालते. वाट दुतर्फा उंच स्प्रूस वृक्षांमधून, सतत चढ-उतार घेत जाते. गरम वॅफल आणि काळ्या बेदाण्यांसारख्या दिसणाऱ्या तिथल्या आंबट बोरांचे ऊन पेय घेतले की अंगात पुन्हा तरतरी येते. बाहेरच्या बाकांवर आम्ही पुण्याहून नेलेले डिंकाचे लाडू आणि थालीपीठही खाल्ले. घरचा डबा घेऊन येणे ही तिथली सर्रास पद्धत असल्यामुळे त्यात संकोच वाटला नाही.

दुपारनंतर स्नोशू, म्हणजे बर्फात चालण्यासाठी बुटांखाली बांधायचे रुंद तळवे, बांधून वेटाकोलेन या टेकडीवर गेलो. स्नोशूला शिकवणी लागत नाही. रुंद तळामुळे भार पसरतो आणि पाऊल भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत रुतत नाही. चवड्याखाली दात असतात आणि चढावर टाचेखाली उभी करता येईल अशी तार असते, जिच्यामुळे पोटऱ्यांवरचा ताण बराच कमी होतो. मात्र माथ्याकडे जाणारी मुख्य पायवाट इतकी तुडवलेली होती की तिथे स्नोशूंचा काही उपयोग नव्हता. वाट सोडून झाडांमध्ये शिरल्यावरच त्यांचे सार्थक झाले. सशाच्या पावलांचे ठसे अगदी ताजे दिसले: पुढे मागच्या पायांची लांबट जोडी आणि मागे पुढच्या पायांचे दोन लहान खळगे. माथ्यावरून सगळे शहर आणि त्यापलीकडचा फ्योर्ड, म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा, दिसतो. स्नोशू घालून स्कीच्या चाकोरीवर मात्र कधीही चालू नये. एका माणसाच्या पावलांनी यंत्राचे काम वाया जाते.

पुण्यात खरेदी करताना सगळे पैसे जाडजूड जाकिटावर घालवू नयेत. स्की करताना दहा मिनिटांत घाम येतो आणि सुती बनियन भिजले की थांबल्यावर हुडहुडी भरते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारे हलके जाकीट आणि पिशवीत विश्रांतीच्या वेळी चढवायला एक उबदार कपडा, एवढे पुरते. हातमोज्यांचा दुसरा जोड अवश्य ठेवावा.

उणिवा आहेत. वाटफलक जवळजवळ सगळे नॉर्वेजियन भाषेत आहेत, आणि झाडांवरच्या लाल खुणा स्कीच्या वाटेच्या व निळ्या खुणा उन्हाळी पायवाटेच्या, ही माहिती पाहुण्याला स्थानकावर ठळकपणे मिळायला हवी. वाट नवख्यासाठी कितपत अवघड आहे हेही फलकावरून समजत नाही. रविवारी इतकी गर्दी असते की शिकणाऱ्याला संकोच वाटावा, म्हणून आठवड्याचा मधला वार निवडावा. मात्र त्या दिवशी उपाहारगृह उघडे आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास असतो. दिवे लावलेल्या काही वाटा आहेत, पण पहिल्याच वेळी त्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा फेब्रुवारीत जावे. तेव्हा दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फही सहसा चांगला टिकून असतो. शहरालगतच्या सखल भागात बर्फ कमी असला तरी फ्रोग्नरसेतेरेनच्या उंचीवर तो मिळण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे खिडकीतून रस्ते कोरडे दिसले म्हणून बेत रद्द न करता आधी अ‍ॅप उघडून पाहावे.