थर्ड अंपायर: थांबलेली फ्रेम की हलता रिप्ले?

धावबादसाठी थांबलेलीच फ्रेम हवी. बेल्स उडाल्या त्या क्षणी बॅट रेषेच्या आत होती का, एवढाच प्रश्न. 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर टीव्ही रिप्लेवरून बाद ठरलेला पहिला फलंदाज झाला, तोही धावबादच. अर्थात सेकंदाला 25 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये 40 मिलिसेकंद निसटतात. ताशी 25 किमीने धावणारा तेवढ्यात जवळपास 28 सेंटिमीटर पुढे सरकतो! म्हणून जास्त फ्रेमचे कॅमेरे लागतात.

जमिनीलगतच्या झेलाला मात्र मी हलता रिप्लेच मानतो. लांबून, झूम करून घेतलेल्या स्थिर चित्रात पुढच्या-मागच्या वस्तूंमधले अंतर चपटे होते आणि बोटांवरचा चेंडूही गवताला टेकलेला भासतो.