डिजिबीटा डेक, एसडीआयचा डबा आणि ७५ ओहमची टोपी : नऊ महिन्यांचा वापर

माझ्या डिजिबीटा (डिजिटल बीटाकॅम, व्यावसायिक व्हिडिओ टेप) डेकसाठी सर्व्हिसवाल्याने "ड्रम गेलाय" म्हणून जो आकडा कागदावर लिहून दिला, त्यात दुसरा जुना डेक आला असता. ड्रम, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा फिरता भाग, ठणठणीत होता. नव्हती ती रेफरन्सच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकाच ठेक्यावर ठेवणाऱ्या सिग्नलच्या, वायरीच्या शेवटाला लावायची ७५ ओहमची टोपी (टर्मिनेटर). चहा-क्रीमरोलच्या पैशांत येणारी वस्तू. त्यामुळे हा रिव्ह्यू निम्मा त्या टोपीचाच आहे, आधीच सांगून ठेवतो.

मांडणी नेहमीचीच. एडिटिंगच्या मशीनला डबा (कॉम्प्युटरचं चित्र एसडीआयवर, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या वायरीवर, बाहेर काढणारा), डब्यातून डेकला एसडीआय, ९ पिनची कंट्रोल वायर, आणि दोघांना एकाच जनरेटरचा ब्लॅक बर्स्ट, म्हणजे तोच रेफरन्सचा सिग्नल. डेक सेकंडहँड, पाल (सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत). डिजिबीटा १० बिट ४:२:२ चित्र साधारण २:१ इतकंच दाबतो, म्हणजे एसडीआयने जे आत गेलं ते डोळ्याला तसंच बाहेर येतं. चित्राची वाट लागते ती डेकपर्यंत पोचायच्या आधी.

आता टोपी. लक्षण असं: तोच इन-पॉइंट, तोच इन्सर्ट एडिट (टेपवर ठरल्या जागी चित्र बसवणं), एकदा बरोबर बसतो आणि पुढच्या वेळी एक फ्रेम उशिरा. प्रीरोलमध्ये, म्हणजे एडिटआधी टेप थोडी मागून फिरते तेव्हा, सर्व्होचा (टेपचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) दिवा स्थिर राहायच्या ऐवजी लुकलुकतो. कारण शुद्ध विजेचं आहे. जनरेटरची वायर टी-कनेक्टरने डब्याला शिवून डेकला जाते आणि तिथे संपते. शेवट मोकळा सोडला की सिग्नल जवळपास दुप्पट होतो आणि वायरीत उलटा फिरतो. दोन ठिकाणी टोप्या लावल्या की दोन-तृतीयांशावर येतो, म्हणजे ३०० मिलिव्होल्टचा सिंक (सिग्नलमधला ठेका देणारा भाग) २०० वर. दोन्ही प्रकारांत डेकचं लॉक डळमळतं, आणि डबा एका घड्याळावर, डेक दुसऱ्या, असा कारभार सुरू होतो. मग फ्रेम कुठे बसेल ते नशीब.

म्हणून डब्यावर नुसता टी, डेक सगळ्यात शेवटी, आणि टोपी तिथे, एकच. डेकच्या मागे रेफरन्सच्या जॅकजवळ ७५ ओहमचा स्विच असेल तर तो चालू करा आणि टोपी खिशात ठेवा. दोन्ही एकदम नको. सिंकची निवड एक्स्टर्नलवर आहे ना, तेही बघून घ्या.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, "बीएनसी टर्मिनेटर द्या" एवढंच म्हणालात तर जुन्या नेटवर्कची ५० ओहमची टोपी हातात पडू शकते. दिसायला अगदी तीच. दुकानातच मल्टिमीटरची एक पिन मधल्या सुईला, दुसरी बाहेरच्या कड्याला लावा. ७५ च्या आसपास आकडा आला तरच पैसे द्या. वायरीचंही तेच: आरजी-५८ ही ५० ओहमची, आरजी-५९ ही ७५ ची, आणि हे वायरीवर छापलेलं असतं. कंट्रोलची वायर मात्र सरळ हवी, पिनला तीच पिन. कॉम्प्युटरची २-३ उलटी केलेली सिरीयल वायर लावली तर डेक दिसणारच नाही. डेक रिमोटऐवजी लोकलवर राहिला तरीही नाही, आणि निम्म्या वेळा भानगड एवढीच असते.

टोपी बसल्यावर ऑफसेट, म्हणजे सॉफ्टवेअर आणि डेकमधला फ्रेमचा फरक, जुळवा. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा आकडा) छापलेली क्लिप टेपवर उतरवा, पहिली फ्रेम बघा, जितक्या फ्रेमचा फरक तितका आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. टोपीआधी हा आकडा रोज बदलायचा. आता महिनोन्‌महिने तोच आहे.

इथे एक मत मागे घ्यायचंय. पहिले दोन महिने डब्याला दोनच तारे होते, कारण मराठी टायटल्स थरथरायची. इंग्रजी अक्षरं शांत, देवनागरी नाचतेय. दोष शिरोरेषेचा निघाला. प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची असते; एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लागते आणि विझते. जाड वळणाचा फाँट घ्या, रेघ निदान तीन ओळींची ठेवा, उभ्या दिशेने किंचित ब्लर द्या. वर सरकणारी नामावळी दर फील्डला एक ओळ या वेगाने कधीच नको. प्रत्येक फील्डला अक्षराच्या त्याच त्याच ओळी मिळतात आणि निम्मं अक्षर गायब होतं. दर फील्डला दोन ओळी ठेवा. शिवाय डीव्हीचं (छोट्या कॅमेऱ्यांच्या डिजिटल टेपचं) फुटेज खालच्या फील्डपासून सुरू होतं, डिजिबीटाचं पाल वरच्या. ते एका ओळीने सरकवून घेतलं नाही तर चालणारा माणूस मागेपुढे हिसके देतो. यात डब्याचा काहीच गुन्हा नव्हता.

रेंडर एकदाच, १० बिट अनकम्प्रेस्ड. सेकंदाला २७.६ एमबी, तासाला १०० जीबी. डिस्क वाचवायला मध्ये एच.२६४ काढायची काटकसर करू नका. ती टेपवर कायमची दिसते. टायटलचा पांढरा ८ बिटच्या मोजणीत २३५ च्या वर जाऊ देऊ नका.

आणि सगळं काम डीव्हीतच झालेलं असेल, टेपही डीव्हीकॅमच (डीव्हीचीच व्यावसायिक आवृत्ती) हवी असेल, तर हा डबा उलट नुकसानीचा. फायरवायरने आकडे जसेच्या तसे टेपवर जातात. एसडीआयमधून नेलं की डीव्हीकॅमचा डेक ते नव्याने ५:१ दाबतो.

इन्सर्टसाठी कोरी टेप आधी काळी (काळं चित्र आणि टाइमकोड भरून) करावी लागते, ६४ मिनिटांच्या टेपला ६४ मिनिटं. टाइमकोडवर ०९:५८:०० पासून बार आणि टोन (रंगपट्ट्या आणि चाचणीचा आवाज), १०:००:०० ला कार्यक्रम. टोन –१८ की –२० डीबीएफएस (डिजिटल आवाजाची पातळी), हे टेप घेणाऱ्याला विचारूनच लावा. रेकॉर्ड होताना चित्रापेक्षा चॅनल कंडिशनच्या, म्हणजे टेप किती नीट वाचली जातेय ते सांगणाऱ्या, दिव्याकडे बघा. डेक चुका झाकून दाखवतो, त्यामुळे पडदा स्वच्छ आणि दिवा पिवळा हे सहज जमतं. दिवा लाल झाला की थांबा, क्लीनिंग टेप काही सेकंदच फिरवा. जुलैत, पुण्याच्या त्या ओल्या पंधरवड्यात, ह्युमिडचा (आत ओल धरल्याचा) इशारा आला तर डेक चालू ठेवून वाट बघायची. कॅसेट घालण्याची घाई केली तर टेप ड्रमला चिकटते.

डब्याला आता चार तारे. पाचवा कापलाय, कारण खोक्यात तीन भाषांतली माहितीपत्रकं निघाली, टोपी एकही नाही.